कंपवातातील सखोल मेंदू उद्दीपन व वाणी

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत खोलवर असलेल्या एखाद्या केंद्रकात बारीक तारेसारखे विद्युत् अग्र कायमचे बसवून त्यातून सतत विद्युत् स्पंद देण्याच्या उपचाराला ‘सखोल मेंदू उद्दीपन’ असे म्हणतात. या उपचाराने हातापायांचा कंप, स्नायूंची ताठरता व हालचालींतील मंदपणा पुष्कळ अंशी कमी होतो. वाणीवर होणारा त्याचा परिणाम मात्र असा एकसारखा नसतो. काही रुग्णांचा आवाज सुधारतो, काहींच्या बाबतीत फरक पडत नाही, तर काहींचे बोलणे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही अस्पष्ट होते. कंपवातावरील शस्त्रक्रियांच्या इतिहासात हा प्रश्न नवीन नाही. मेंदूच्या दोन्ही बाजूंवर शस्त्रक्रिया केल्यास हात मोकळे होतात, पण वाणी जखडली जाण्याचा धोका असतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यासच अनुभवास आले होते. हा धोका टाळण्याच्या प्रयत्नांतूनच काही अंशी विद्युत् उद्दीपनाची पद्धत पुढे आली आणि कालांतराने तोच प्रश्न तिच्यापुढेही उभा राहिला.

कंपवातातील वाणी : जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) या इंग्रज वैद्यांनी १८१७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सहा रुग्णांच्या आधारे या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले. रोग बळावल्यावर रुग्णाचे शब्द जेमतेम समजू शकतात, हे त्यांनी त्यातच नमूद केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झां मार्तँ शार्को (१८२५–९३) या फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिकांनी रोगाच्या लक्षणांचे अधिक काटेकोर वर्गीकरण करून त्यास पार्किन्सन यांचे नाव दिले. असे असले, तरी पुढील सु. शंभर वर्षे वैद्यांचे मुख्य लक्ष कंप व ताठरता यांवरच राहिले.

बोलण्यासाठी छाती, स्वरयंत्र, टाळू, जीभ, जबडा व ओठ यांच्या अनेक स्नायूंचे एकमेकांशी अत्यंत अचूक सहकार्य लागते. कंपवातात या हालचालींचा आवाका कमी होतो. स्वरतंतू पूर्णपणे जुळत नाहीत व हवा निसटत राहते, त्यामुळे आवाज बारीक व घोगरा होतो. स्वरातील चढउतार नाहीसे होऊन बोलणे एकसुरी होते. ‘प’ या वर्णासाठी ओठ व ‘ट’ या वर्णासाठी जीभ आणि टाळू क्षणभर पूर्ण मिटावी लागतात. ही मिटण्याची क्रिया अपुरी राहिल्याने व्यंजने बोथट होतात. काही रुग्णांचे बोलणे घाईघाईचे होते, तर काही एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारत राहतात. आपला आवाज लहान झाला आहे, हे बहुधा रुग्णाला स्वतःला जाणवत नाही. इतरांना ऐकू कमी येते, असाच त्याचा समज होतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील फ्रेडरिक डार्ली, आर्नल्ड अ‍ॅरन्सन व जो ब्राउन यांनी १९६९ मध्ये तंत्रिका तंत्राच्या विविध विकारांनी पीडित अशा २१२ रुग्णांचे बोलणे ऐकून ते ३८ निकषांवर तपासले. कंपवातातील वाग्दोष हा अर्धांगवायू किंवा लहान मेंदूचे विकार यांतील वाग्दोषांहून वेगळा असून हालचालींची अल्पता हे त्याचे वैशिष्ट्य आहे, असे या अभ्यासाने दाखवून दिले. १९७८ मध्ये जेरी लॉगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या २०० रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ८९ टक्के रुग्णांत आवाजाचे दोष आढळले. वाणीची हानी हे या रोगाचे आनुषंगिक नव्हे, तर प्रमुख लक्षण आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

छेदक शस्त्रक्रियांचा काळ : रोगाचे रासायनिक कारण ज्ञात होण्यापूर्वीच त्यावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. १९३० नंतरच्या दशकात पॉल ब्यूसी यांनी मेंदूच्या बाह्यकातील चालक क्षेत्राचा भाग काढून कंप थांबविला. परंतु त्या बाजूच्या अवयवांना येणारा लुळेपणा ही त्याची किंमत होती. त्याच दशकाच्या अखेरीस रसेल मायर्स यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या तलस्थ गुच्छिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि लुळेपणा न येताही कंप कमी करता येतो, असे दाखविले. १९४७ मध्ये फिलाडेल्फिया येथे अर्न्स्ट श्पीगेल व हेन्री वायसिस यांनी माणसाच्या डोक्याला चौकट बसवून मेंदूतील इच्छित बिंदू त्रिमितीय मोजमापाने गाठण्याचे उपकरण तयार केले. त्यामुळे कवटी मोठ्या प्रमाणावर न उघडता बारीक सुईने खोल भागी पोहोचणे शक्य झाले.

न्यूयॉर्क येथील अर्व्हिंग कूपर (१९२२–८५) यांच्या हातून १९५२ मध्ये एका कंपवाताच्या रुग्णावर शस्त्रक्रिया होत असताना मेंदूतील एका लहान रोहिणीस इजा झाली. रोहिणी बांधून शस्त्रक्रिया अर्धवट सोडून द्यावी लागली. रुग्ण शुद्धीवर आला, तेव्हा त्याचा कंप व ताठरता गेलेली होती आणि हातातील शक्ती मात्र टिकून होती. या घटनेवरून तलस्थ गुच्छिका व थॅलॅमस यांतील लहानसा भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रियांना चालना मिळाली. जर्मनीत रॉल्फ हासलर यांनी थॅलॅमसच्या रचनेचा सूक्ष्म अभ्यास करून छेदासाठी योग्य केंद्रक सुचविले. भारतात मद्रास येथे बी. राममूर्ती व व्ही. बालसुब्रमण्यम यांच्या गटाने त्रिमितीय पद्धतीच्या शस्त्रक्रियांचे महत्त्वाचे केंद्र उभारले.

एका बाजूच्या छेदाने विरुद्ध बाजूचा हात स्थिर होई. परंतु कंपवात कालांतराने दोन्ही बाजूंस पसरतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूवरही शस्त्रक्रिया करण्याची मागणी साहजिकच होत असे. अशा दुहेरी छेदानंतर अनेक रुग्णांचा आवाज अतिशय क्षीण झाला, उच्चार अडखळू लागले व काहींचे बोलणे समजण्यापलीकडे गेले. याचे कारण तंत्रिका तंत्राच्या रचनेत आहे. हाताच्या स्नायूंना आज्ञा मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध अर्धाकडून मिळते. स्वरयंत्र, टाळू व जबडा यांच्या स्नायूंना मात्र ती दोन्ही अर्धांकडून मिळते. एका बाजूची हानी दुसरी बाजू बऱ्याच अंशी भरून काढते. दोन्ही बाजूंना इजा झाल्यावर भरून काढण्यास काहीच उरत नाही. छेद एकदा केल्यावर तो पूर्ववत करता येत नाही, त्यामुळे गेलेली वाणीही परत येत नसे. म्हणून दुहेरी छेद शक्य तो टाळावा, असा संकेत रूढ झाला.

दरम्यान १९५७ मध्ये स्वीडनचे आर्व्हिद कार्लसन यांनी डोपामीन या द्रव्याचे महत्त्व दाखविले व १९६० मध्ये व्हिएन्ना येथे ओलेह होर्निकीविच व हेर्बर्ट एरिंगर यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनाचा मोठा तुटवडा आढळला. पुढील वर्षी वॉल्टर बिर्कमायर व होर्निकीविच यांनी रुग्णांना शिरेवाटे लेव्होडोपा दिले. त्यांच्या पहिल्याच वृत्तांतात हालचालींबरोबर आवाजही जोरकस व स्पष्ट झाल्याचा उल्लेख आहे. जॉर्ज कोत्झियास यांनी १९६७ मध्ये या औषधाची मोठी मात्रा हळूहळू वाढवत देण्याची रीत बसविल्यावर शस्त्रक्रिया झपाट्याने मागे पडल्या. परंतु काही वर्षांच्या वापरानंतर औषधाचा परिणाम मध्येच ओसरू लागतो व अनैच्छिक हालचाली सुरू होतात, असे आढळले. शिवाय हातापायांना होणारा लाभ वाणीला त्या प्रमाणात होत नाही, हेही दिसून आले. परिणामी शस्त्रक्रियेकडे पुन्हा लक्ष वळले.

उद्दीपनाचा उदय : छेद करण्यापूर्वी सुईचे टोक योग्य जागी आहे की नाही, हे पाहण्यासाठी शस्त्रक्रियातज्ञ तेथे क्षीण विद्युत् प्रवाह सोडून पाहत. फ्रान्समधील ग्रनोबल येथील आलीम-लुई बेनाबीद यांच्या असे लक्षात आले की, कमी कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या) प्रवाहाने कंप वाढतो, तर सु. १०० हर्ट्झ वा त्याहून अधिक कंप्रतेच्या प्रवाहाने तो तत्काळ थांबतो. म्हणजे छेदाने जे साधते, ते काहीही नष्ट न करता साधता येईल. प्येअर पोलाक यांच्या सहकार्याने त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात दोन्ही बाजूंना कंप असलेल्या रुग्णांवर एका बाजूस थॅलॅमसचा छेद व दुसऱ्या बाजूस कायमचे उद्दीपन, अशी जोड योजना मांडली आहे. दुहेरी छेदाचे दुष्परिणाम टाळणे हा या योजनेचा हेतू होता आणि त्या दुष्परिणामांत वाणीची हानी प्रमुख होती.

१९९० मध्ये महलोन डीलाँग, हागाय बेर्गमन व टोमास विखमन यांनी कृत्रिम रीत्या कंपवात झालेल्या माकडांत थॅलॅमसखालील केंद्रक नष्ट केल्यास लक्षणे कमी होतात, असे सिद्ध केले. झ्यूल बेर्नार ल्वी यांनी १८६५ मध्ये वर्णिलेले हे केंद्रक भिंगासारखे दोन्ही बाजूंनी फुगीर व जेमतेम एक सेंमी. लांबीचे आहे. ग्रनोबल येथे १९९३ मध्ये याच केंद्रकाचे उद्दीपन सुरू झाले. त्यामुळे केवळ कंपच नव्हे, तर ताठरता व मंदपणाही कमी झाला आणि औषधाची मात्रा बरीच घटविता आली. अमेरिकेत कंपासाठी १९९७ मध्ये व कंपवाताच्या इतर लक्षणांसाठी २००२ मध्ये या उपचारास शासकीय मान्यता मिळाली. मुंबईत १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया होऊ लागली.

प्रचलित पद्धतीत सव्वा मिमी.हून किंचित जाड असे विद्युत् अग्र मेंदूच्या प्रत्येक बाजूस बसवितात. त्याच्या टोकाशी चार वा अधिक संपर्कबिंदू असतात. त्वचेखालून नेलेल्या तारेने ते गळपट्टीच्या हाडाखाली बसविलेल्या स्पंदजनकाला जोडतात. सामान्यतः १३० हर्ट्झ कंप्रतेचे व सु. ६० मायक्रोसेकंद कालावधीचे स्पंद दिले जातात. कोणता बिंदू वापरावयाचा व प्रवाहाची तीव्रता किती ठेवावयाची, हे शस्त्रक्रियेनंतर बाहेरून बदलता येते. हा छेदापेक्षा मोठा फायदा होय.

वाणीवरील परिणाम : आरंभीच्या निरीक्षणांनी आशा वाढविली. उद्दीपन चालू असताना ओठ व जीभ यांचे बल वाढते आणि एकच स्वर अधिक काळ धरून ठेवता येतो, असे ग्रनोबल येथीलच संशोधकांना आढळले. परंतु सुट्या स्नायूचे बल वाढणे व सलग वाक्य दुसऱ्यास समजणे, या भिन्न गोष्टी आहेत. पॉल क्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी थॅलॅमसखालील केंद्रकाच्या दुहेरी उद्दीपनाचा पाच वर्षांचा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध केला. औषध थांबवून केलेल्या तपासणीत कंप ७५ टक्क्यांनी, ताठरता ७१ टक्क्यांनी व मंदपणा ४९ टक्क्यांनी कमी झालेला होता. या तपासणीत न सुधारलेले हालचालीचे एकच कार्य आढळले, ते म्हणजे वाणी.

लंडन येथील एलिना त्रिपोलिती व सहकारी यांनी २०११ मध्ये ओळीने शस्त्रक्रिया झालेल्या ३२ रुग्णांची तुलना केवळ औषधे घेणाऱ्या १२ रुग्णांशी केली. एका वर्षात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वाणीची सुबोधता सरासरी १४ ते १७ टक्क्यांनी घटली. तुलनागटातील घट ४ टक्क्यांच्या आसपास होती. सर्वच रुग्णांची वाणी सारखी बिघडली नव्हती. व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक होता. आवाज मोठा झाला तरी शब्द मात्र अधिक अस्पष्ट झाले, असेही काही रुग्णांत घडते. इतरांत आवाजाला ताण येतो, गती वाढते, तोतरेपणासारखी पुनरावृत्ती होते. यांशिवाय ठराविक वेळात शब्द आठवून सांगण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतर कमी होते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हा दोष उच्चाराचा नसून शब्द सुचण्याचा आहे. त्यामुळे दोहोंचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

या परिणामाकडे लक्ष जाण्यास एवढा विलंब का लागला, याचे एक कारण मोजमापाच्या साधनात सापडते. १९८७ पासून सर्वत्र वापरात आलेल्या कंपवात गुणांकन पद्धतीत हालचालींच्या तपासणीस एकूण १०८ गुण होते. त्यांत वाणीचा वाटा केवळ ४ गुणांचा होता. हातापायांचे गुण तीस-चाळिसांनी सुधारले, तर वाणीत एका गुणाने झालेली घसरण एकूण बेरजेत दिसतच नाही. तपासणी करणाऱ्याच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी ठरते. घरी आल्यावर मात्र दूरध्वनीवरील रुग्णाचे बोलणे त्याच्या मुलांनाही कळेनासे झालेले असू शकते. सुबोधता ही वक्ता व श्रोता या दोघांवर अवलंबून असते, म्हणून ती अपरिचित श्रोत्यांकडून व रुग्णाच्या स्वतःच्या भाषेतच मोजावी लागते. इंग्रजीसाठी रचलेल्या शब्दसूचीने मराठीतील ‘त’ व ‘ट’ अथवा ‘क’ व ‘ख’ यांमधील भेद रुग्णाला कितपत राखता येतो, हे कळू शकत नाही.

कारणमीमांसा : थॅलॅमसखालील केंद्रकाच्या बाहेरच्या अंगास मेंदूच्या बाह्यकाकडून खाली येणाऱ्या चालक तंतूंचा दाट जुडगा आहे. तोंड व स्वरयंत्र यांच्याकडे जाणारे तंतूही त्यातूनच जातात. केंद्रकाच्या आतील अंगास लहान मेंदूकडून थॅलॅमसकडे जाणारे तंतू आहेत. विद्युत् प्रवाह काही मिमी. अंतरावर जरी पसरला, तरी यांपैकी एखाद्या मार्गास त्याची बाधा होते. पहिल्या प्रकारात बोलणे आवळल्यासारखे व ताणलेले होते, तर दुसऱ्या प्रकारात ते लहान मेंदूच्या विकारांतील बोलण्यासारखे लडखडते. डाव्या बाजूचा संपर्कबिंदू आतल्या अंगास असणे व तेथील विद्युत् दाब अधिक असणे यांचा वाणीच्या हानीशी संबंध असल्याचे लंडनच्या उपर्युक्त अभ्यासात आढळले. बहुसंख्य व्यक्तींत भाषेचे नियंत्रण मेंदूच्या डाव्या अर्धाकडे असते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सगळी हानी उद्दीपनामुळेच होते, असे मात्र नाही. रोग स्वतः पुढे सरकतच असतो आणि वाणीतील काही बिघाड डोपामिनावर अवलंबून नसलेल्या यंत्रणांशी निगडित असावा, असे मानण्यात येते. शस्त्रक्रियेपूर्वीच ज्यांचे बोलणे अस्पष्ट असते, त्यांना धोका अधिक असतो. उद्दीपन काही काळ बंद करून पाहिल्यास या दोन कारणांचा वाटा काही प्रमाणात वेगळा काढता येतो. यंत्र बंद केल्यावर बोलणे सुधारले, तर दोष प्रवाहाचा. तसेच राहिले, तर बहुधा रोगाचा.

उपाय : प्रवाहाची तीव्रता कमी करणे, दुसरा संपर्कबिंदू निवडणे, स्पंदाचा कालावधी घटविणे किंवा कंप्रता सु. ६० हर्ट्झपर्यंत उतरविणे, हे नेहमीचे उपाय होत. त्यांनी वाणी स्वच्छ झाली, तरी कंप वा ताठरता पुन्हा डोके वर काढू शकते. म्हणून काही रुग्णांच्या यंत्रात दोन वेगवेगळ्या योजना भरून ठेवतात. चालताना व हाताने काम करताना एक वापरावयाची आणि संभाषणाच्या वेळी दुसरी. प्रवाह एका विशिष्ट दिशेनेच सोडता येईल, अशी विद्युत् अग्रेही एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उपलब्ध झाली आहेत. मेंदूतील विद्युत् लहरी ओळखून गरजेपुरताच प्रवाह देणाऱ्या अनुकूली उद्दीपनाने वाणीवरील दुष्परिणाम कमी होतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्पकालीन प्रयोगांत दिसले. या प्रकारच्या यंत्रास २०२५ मध्ये यूरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

वाक् उपचारांत लोरेन रेमिग यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात विकसित केलेली पद्धत विशेष प्रसिद्ध आहे. आठवड्यातून चार दिवस याप्रमाणे चार आठवडे रुग्णाकडून मोठ्याने बोलण्याचा सराव करून घेतात व योग्य आवाजाची पातळी ओळखण्यास त्याला शिकवितात. शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांना तिचा चांगला लाभ होतो. उद्दीपन चालू असलेल्यांत तो कमी व अनिश्चित असतो. त्यामुळे हा सराव शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू करणे इष्ट ठरते.

केंद्रित श्राव्यातीत ध्वनितरंगांनी कवटी न उघडता मेंदूत छेद करण्याची पद्धत २०१६ पासून प्रचारात आली आहे. तीतही दोन्ही बाजूंवर उपचार करताना वाणीची हानी हीच प्रमुख चिंता असून तज्ञ सावधगिरीने व टप्प्याटप्प्याने पुढे जात आहेत. साधने बदलली, तरी १९५० नंतरच्या दशकातील दुहेरी छेदांनी शिकविलेला धडा कायम आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे, त्याची सुबोधता स्वतंत्रपणे मोजणे व संभाव्य हानीची स्पष्ट कल्पना रुग्ण आणि कुटुंबीय यांना देणे आवश्यक मानले जाते. हाताने कारागिरी करणारा व वर्गात शिकविणारा, या दोघांच्या दृष्टीने कंप आणि वाणी यांचे मोल सारखे नसते. प्रवाह किती ठेवावयाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. त्याचे उत्तर देण्यात रुग्णाचाही वाटा असावा लागतो आणि त्यासाठी त्याचे म्हणणे, ते कितीही क्षीण आवाजात असले, तरी ऐकून घ्यावे लागते.